चर्चचं छत उतरवलं तेव्हा

चिंचमळ्याच्या चर्चचं छत वाळवीनं आतून पोखरलंय, हे मंडळीतल्या सगळ्यांना बरीच वर्षं माहीत होतं. पण दगडी भिंती ठणठणीत होत्या, मंगलोरी कौलंही लांबून बघणाऱ्याला शाबूत दिसायची. त्यामुळे दर पावसाळ्याआधी चार कौलं बदलायची, गळेल तिथं बादली ठेवायची आणि पुढच्या वर्षी बघू म्हणायचं, असं चाललं होतं. मग एका रविवारी उपासना चालू असताना आढ्याचा हातभर तुकडा, पाळक बोलायला उभे राहतात त्या पुलपीटासमोर येऊन पडला. कुणाला लागलं नाही. नवे पाळक, रेव्हरंड प्रसन्न रणभिसे, वर बघून म्हणाले, "पुढचं गीत आपण बाहेर उभं राहून म्हणू या."

त्याच आठवड्यात कमिटी बसली. कमिटीच्या सेक्रेटरी रूथबाई उजागरे. दौंडच्या पोस्टात सगळी नोकरी करून त्या निवृत्त झाल्या होत्या. नवरा रेल्वेत होता, तो जाऊन काही वर्षं झाली होती. मुलगा हडपसरला. रूथबाई एकट्याच चर्चच्या मागच्या दोन खोल्यांत राहायच्या आणि हाती घेतलेलं काम अर्ध्यावर पडलेलं त्यांना बघवायचं नाही. छताचा विषय निघताच त्या म्हणाल्या, "नुसतं छत नको. एकदा हात घालतोय तर नीट घालू. छत नवं करू, आणि मागच्या मोकळ्या जागेत हॉल बांधू. तिथं गावातल्या मुलींसाठी शिवणक्लास, कॉम्प्युटरचा क्लास. एवढी वर्षं आपण या गावात आहोत, गावासाठी केलं काय?"

आण्णा शिनगारे म्हणाले, "हॉल पाहिजेच. लग्नाला, बारशाला उपयोगी पडेल." आण्णा रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले आणि मंडळीतले सगळ्यांत जुने सभासद. त्यांच्या डोक्यात हॉल होता तो आपल्या माणसांसाठी. रूथबाईंच्या डोक्यात होता तो गावासाठी. पण हॉल हवा यावर दोघांचं जुळलं आणि योजना चर्चच्या पुण्यातल्या मुख्य कार्यालयातून मंजूर होऊन आली. रूथबाईंनी शिवणयंत्रं कुठल्या खिडकीखाली ठेवायची तेसुद्धा मनात ठरवून टाकलं.

ईस्टर झाला आणि छत उतरवायला सुरुवात झाली. कौलं उतरली, वासे उतरले, छत पेलणाऱ्या जुन्या लाकडी कैच्या दोरानं खाली घेतल्या. बाक आणि वेदीचं सामान रूथबाईंच्या पडवीत जाऊन बसलं. राहिल्या त्या चार भिंती, दारं काढलेल्या चौकटी आणि वर उघडं आभाळ. लोखंडी कैच्या दौंडला बनत होत्या. त्या यायला वेळ होता, म्हणून आवारात ताडपत्रीचा मांडव घालून उपासना घ्यायचं ठरलं. पहिल्या रविवारी माणसं घामानं निथळली. दुसऱ्या रविवारी प्रार्थनेच्या मधोमध वावटळ उठली आणि ताडपत्री उडाली ती थेट माजी सरपंच पोपटरावांच्या उसात. म्हातारी माणसं डोक्याला पदर, रुमाल गुंडाळून भिंतीच्या कडेला सरकली. पाळकांनी संदेश आटोपता घेतला.

माणसं पांगत असताना रस्त्यापलीकडून बयाबाई आली. समोरच्या कोकऱ्यांच्या वस्तीवरची. रूथबाई इतकी वर्षं समोर राहत होत्या, पण दोघींचं बोलणं रस्त्याच्या या कडेनं त्या कडेला 'बरं हाय का' एवढंच.

"बाई, उन्हात कशाला बसताय म्हाताऱ्याकोताऱ्यांना घिऊन?" बयाबाई म्हणाली. "आमचं शेड रिकामं पडलंय. मेंढरं इकली तवापास्नं एका कडंला चार शेरडं बांधतो. बाकी सगळं मोकळंच हाय."

"तुमच्या घरात विचारा आधी," रूथबाई म्हणाल्या. "आबांना चालेल का? सुरजला, सूनबाईला?"

"सुरज आन् रुपाली दोघंबी कंपनीत जात्यात कुरकुंभाला. रईवारचीबी शिप्ट असती. त्यास्नी काय. आन् ह्यास्नी माणसं आली की बरंच वाटतं." एवढं बोलून ती गेलीसुद्धा.

रूथबाईंना थोडं अवघडल्यासारखं झालं. आपण गावाला काहीतरी द्यायला निघालोय आणि पहिल्या झटक्यालाच गावाकडून घ्यायची वेळ आली. पण उन्हाचा कडाका बघता नको म्हणायची सोय नव्हती. शेड झाडून घ्यावं म्हणून पुढच्या रविवारी त्या सकाळी लवकर केरसुणी घेऊन पोहोचल्या. शेड आधीच लख्ख होतं. खाली शेणाचा सडा, एका खांबाशी ठेवलेला पाण्याचा माठ आणि दाराशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बयाबाईचा नवरा हरिबा. डोक्याला तांबडं पागोटं, हातात काठी, अंगात धुतलेली बंडी.

"राम राम आबा," रूथबाई म्हणाल्या.

"राम राम. कुठल्या गावच्या म्हणायच्या तुम्ही?" हरिबानं विचारलं.

"इथलीच. समोर राहते."

"आसं का," हरिबा म्हणाला. थोड्या वेळानं रूथबाई पुन्हा समोरून गेल्या तेव्हा त्यानं तेच विचारलं.

मेंढरं का विकली ते रूथबाईंना तेव्हा कळलं. ज्या माणसानं कोकणाच्या वाटेनं कळप नेला आणि आणला, तो आता घरातून निघून मोरीकडं जाताना मधेच थांबायचा आणि कुठं निघालो होतो ते विसरून तिथंच उभा राहायचा.

रविवार मात्र त्याला मानवला. गीतं सुरू झाली की तो काठीवर हनुवटी टेकवून शांत बसायचा. मधेच एखादं शेरडू ओरडलं तर त्याला हलक्या आवाजात दटावायचा. रुपालीला एखाद्या रविवारी सुट्टी असली तर ती सगळ्यांना चहा आणून द्यायची. तिच्याशी बोलताना एकदा रूथबाईंनी शिवणक्लासचा विषय काढला.

"चांगलं हाय की काकू," रुपाली म्हणाली. "पण मला कुठला टाइम? कंपनीतनं आलं की सैपाक, धुणं. आन् कापडं आता तयारच घेतो आम्ही."

"बाकीच्या मुली येतील ना?"

"येतील की. बघा इचारून." आणि रूथबाईंचा रिकामा कप घेऊन ती आत गेली. पोस्टाच्या खिडकीत बसून जन्म गेलेल्या बाईला 'बघा विचारून' म्हणजे काय ते कळतं. रूथबाईंनी ते ऐकून घेतलं आणि मनावर घेतलं नाही.

मे महिन्यातल्या एका रविवारी उपासनेआधी बयाबाई रूथबाईंना बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, एक इचारू का? भाचीचं लगीन हाय पाटसला. आज. सुरज, रुपाली दोघंबी ड्युटीवर. ह्यास्नी घिऊन गेले तर गर्दीत कुठं सापडायचं न्हाईत. तुम्ही हाय तवर ह्यांच्यावर नदर ठेवाल का? आक्षता टाकते आन् येते."

"जा की निवांत," रूथबाई म्हणाल्या. "आम्ही एवढी माणसं आहोत. जेवूनच या."

बयाबाईनं हिरवी साडी नेसली होती. ती वळून वळून बघत रस्त्यापर्यंत गेली आणि सहाआसनीत बसली.

त्या दिवशी गीतं सांगायचं काम रूथबाईंकडं होतं. पहिलं गीत झालं तेव्हा हरिबा खुर्चीत होता. दुसऱ्या गीतालाही होता. मग पाळकांचा संदेश सुरू झाला, रूथबाई ऐकण्यात रमल्या, आणि पुन्हा गीतासाठी उठल्या तेव्हा खुर्ची रिकामी होती. त्यांनी शेरडांच्या कोपऱ्याकडं पाहिलं. दावी सोडलेली. शेरडंही नव्हती.

"पाळकसाहेब," त्या म्हणाल्या, "थांबा. आबा कुठं गेले?"

उपासना तिथंच थांबली. माणसं उठली. कुणी मोरीकडं, कुणी घराच्या मागं. पोपटरावांच्या उसाच्या कडेनं दोघं-तिघं हाका मारत गेले. आण्णा शिनगारे कुरकुरत का होईना, मोटरसायकल काढून पाटसच्या अंगानं गेले. पाळक कालव्याकडं पळाले. आवर्तन सोडलेलं होतं, पाणी काठोकाठ वाहत होतं. आणि इकडं रस्त्यावर खडीचे डंपर. त्या रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. दोन्हीकडं बघत होत्या, पण कुठं जावं ते सुचत नव्हतं. बयाबाईला फोन करायचा म्हणून मोबाइल हातात घेतला आणि तो तसाच राहिला. काय सांगणार? जेवूनच या म्हणाले होते मी.

तेवढ्यात शेरडाचा आवाज आला. समोरून. चर्चच्या आतून.

रूथबाई आवाराचं फाटक ढकलून आत गेल्या. चर्चच्या मोठ्या दाराच्या चौकटीत कुणीतरी सेंट्रिंगची फळी आडवी लावली होती आणि तिला दगडाचा टेका दिला होता. त्यांनी फळीवरून डोकावून पाहिलं. आत चारही शेरडं होती. एक वेदीच्या पायरीवर बसून रवंथ करत होतं. दाराच्या आतल्या बाजूला, भिंतीच्या सावलीत, हरिबा मांडीवर काठी आडवी टाकून बसला होता. इतका निवांत त्याला त्यांनी कधी पाहिला नव्हता.

"आबा," रूथबाई म्हणाल्या. त्या फळी ओलांडून आत गेल्या आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसून राहिल्या.

"मेंढरास्नी वाडा चांगला हाय," हरिबा म्हणाला. "दगडाचा हाय. लांडग्याचं भ्या न्हाई. कुणाचा म्हणायचा?"

"आमचाच आहे."

"राहू का म्हंजी आजच्या दिस? आमचा कळप मागनं येतोय."

"राहा की," रूथबाई म्हणाल्या.

हरिबानं मान हलवली. मग त्यांच्याकडं नीट बघत विचारलं, "आन् तुमची मेंढरं कुठं हायती?"

एव्हाना बातमी लागून बाकीची मंडळी दाराशी गोळा झाली होती. पाळक धापा टाकत होते, चपला हातात, धोतरासारखी वर खोचलेली पँट चिखलानं भरलेली. त्यांनी हरिबाचा प्रश्न ऐकला आणि म्हणाले, "ही काय, आलीच की आबा."

हरिबानं काठीनं फळी बाजूला सारली आणि एकेकाला आत घेतलं. माणसं खरोखरच एकामागं एक त्याच्यासमोरून आत आली. आण्णा शिनगारे शेवटी आले. वेदीच्या पायरीवर बसलेलं शेरडू बघून त्यांचा चेहरा पडला. "हे बरोबर नाही," ते म्हणाले. "पवित्र जागा आहे ही. वाडवडलांनी बांधली."

"आण्णा, त्याला खाली घ्या तुम्हीच," पाळक म्हणाले. "मी राहिलेली प्रार्थना घेतो."

आण्णांनी शेरडाच्या गळ्याला धरून त्याला खाली आणलं आणि प्रार्थना संपेपर्यंत धरून उभे राहिले. डोक्यावर आभाळ तापलं होतं तरी भिंतीच्या सावलीत सगळे मावले. आशीर्वाद झाला, आणि सगळे हरिबाला व त्याच्या शेरडांना घेऊन रस्ता ओलांडून गेले.

बयाबाई आली तेव्हा रूथबाई शेडच्या दारातच बसल्या होत्या. त्यांनी काही लपवलं नाही. माझं लक्ष राहिलं नाही, ते निघून गेले, आम्ही घाबरलो, चर्चमध्ये सापडले, असं सगळं सांगून टाकलं. "मला माफ करा बयाबाई," त्या म्हणाल्या.

बयाबाईनं ऐकून घेतलं. मग खाली बसली आणि पदरानं तोंड पुसलं. "तुम्ही अर्ध्या घटकंत शोधलं. मागल्या बारीला मी सांजपातूर हिंडत हुते. त्याच्या आदल्या बारीला पाटसच्या साकर कारखान्यापशी गावले. तुम्हांस्नी सांगाया पायजे हुतं मी. पण सांगितलं असतं तर तुम्ही न्हाई म्हणला असता."

"जेवलात का लग्नात?"

"न्हाई. आक्षता टाकल्या आन् निघाले. जीव लागंना तिथं."

"मग रोज कसं करता?"

"रोजचं काय. दाराला कडी घालून आंघूळ करती. रानात जायचं सोडलं. रातीला कडीला घुंगरू बांधती, वाजलं की उठायचं." तक्रारीचा सूर नव्हता. भाकरी कशी करायची ते सांगावं तसं सांगत होती. "सुरज म्हणतो बाई ठिवू. पण परक्या बाईला हे जवळ येऊ देत न्हाईत. तुमच्या गाण्याला मातर गप बसत्यात."

रूथबाई आत गेल्या, चहा केला, दोघींनी तो शेडच्या दारात बसून घेतला.

पुढच्या बैठकीत त्यांनी स्वतःच विषय काढला. "हॉल नको," त्या म्हणाल्या. "शिवणक्लासही नको. माझाच हट्ट होता तो, गावातल्या एकाही मुलीनं मागितला नव्हता. मागं हॉल बांधण्यापेक्षा पुढं, रस्त्याच्या अंगाला, एक मोठी खोली आणि रुंद व्हरांडा बांधू. ज्यांच्या घरी दिवसा कुणी नसतं अशा म्हाताऱ्या माणसांना तिथं दिवसभर बसता येईल. आम्ही बायका पाळीपाळीनं थांबू."

"आणि लग्नं?" आण्णांनी विचारलं.

"लग्नं होतायत की आण्णा, कुठंही होतायत."

"उद्या एखादा म्हातारा तिथं पडला, त्याला काही झालं, तर जबाबदारी कुणाची? आधीच एकदा काय झालं ते बघितलं." आण्णा बोलले ते खोटं नव्हतं. रूथबाईंनी ते कबूल केलं. पाळक म्हणाले, गावच्या आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंशी बोलू, दोन माणसं नेहमी हजर राहतील असं बघू, एकटं कुणी सांभाळायचं नाही. बराच वेळ बोलणं झालं. आण्णांचं मन काही वळलं नाही, पण हात वर करायची वेळ आली तेव्हा त्यांनी विरोधातही हात वर केला नाही. बैठक सुटता सुटता म्हणाले, "संडास खोलीला लागूनच पाहिजे. आणि भिंतीला धरायला पाइप लावा. नाहीतर सगळं वाया जाईल." पुढं तो पाइप त्यांनी स्वतः उभं राहून बसवून घेतला. दोनदा काढायला लावला, उंची चुकली म्हणून.

जूनच्या आधी छत चढलं. शेडमधली शेवटची उपासना झाली त्या दिवशी मंडळींनी कोकऱ्यांच्या वस्तीवर पुरणपोळीचा घाट घातला. रुपालीनं मुद्दाम सुट्टी काढली होती. बाक चर्चमध्ये जागच्या जागी गेले. खोली गणपतीच्या आसपास पूर्ण झाली. पाटी लावायची का आणि तिच्यावर काय लिहायचं यावरून बराच वाद झाला, म्हणून शेवटी पाटी लावलीच नाही.

सुरुवातीचे आठवडे एकटा हरिबा. त्याला खोली पसंत पडली नाही. पंख्याखाली गादी घातली, रेडिओ लावला, पण तो उठून व्हरांड्यात यायचा. शेवटी रूथबाईंनी त्याची खुर्ची व्हरांड्यातच ठेवली आणि आपली शेजारी. दुपारभर तो रस्त्यावरची वाहनं बघत वाटा सांगायचा. कुठल्या घाटानं उतरायचं, कुठल्या गावचे पाटील कळप बसवून घ्यायचे. कधी एखादी वाट सांगता सांगता हरवायची आणि तो पुन्हा पहिल्यापासून सांगू लागायचा.

गावात कुजबुज झाली ती व्हायचीच होती. एका सकाळी पोपटराव स्वतः आले. उभ्या उभ्याच म्हणाले, "बाई, आडपडदा न ठेवता विचारतो. लोक नाना तऱ्हेचं बोलतायत. यात दुसरं काही तर नाही ना?"

"तुम्ही बसा आणि बघा," रूथबाई म्हणाल्या. "कधीही या. न सांगता या."

पोपटराव बसले. पेपर वाचला. हरिबाशी जुन्या दुष्काळातल्या चाऱ्याच्या गोष्टी निघाल्या तेव्हा पेपर बाजूला पडला. दुपारी बयाबाईनं पाठवलेली भाकरी-आमटी त्यांनीही थोडी खाल्ली. पुढच्या आठवड्यात त्यांची बायको कस्तुराबाई सासूला गाडीतून घेऊन आली. सासू ऐंशीच्या पुढची, कानानं कमी. आल्या आल्या म्हणाली, इथं मला करमायचं न्हाई. दुपारी न्यायला आले तर उठेना. मग आणखी एक-दोघं आली. सगळ्यांना जमलं असं नाही. एक आजोबा दोन दिवसांत कंटाळले, एका सुनेनं लोक काय म्हणतील म्हणून सासऱ्यांना पाठवणं बंद केलं. नर्सबाई मंगळवारी येऊन रक्तदाब बघून जायच्या.

बयाबाईला आता दिवस मोकळा मिळत होता. ती रानात जाईल, बहिणीकडं जाईल, निदान बाजार करून येईल, असं रूथबाईंना वाटलं होतं. पहिले काही दिवस ती कुठंच गेली नाही. हरिबाला सोडून जायची आणि थोड्याच वेळात रस्त्याच्या पलीकडच्या कडेला येऊन उभी राहायची, तो खुर्चीत आहे का बघायला. रूथबाई हात हलवायच्या. ती परत जायची.

मग एक दिवस ती बघायला आलीच नाही. उन्हं उतरली, पोपटरावांच्या आईला गाडी घेऊन गेली, हरिबाला न्यायची वेळ टळून गेली तरी बयाबाईचा पत्ता नाही. काही झालं तर नाही ना, म्हणून रूथबाईंनी पाळकांना व्हरांड्यात बसवलं आणि रस्ता ओलांडून वस्तीवर गेल्या.

बयाबाई ओसरीतल्या बाजेवर झोपली होती. कुशीवर, हात उशाला, तोंड किंचित उघडं. शेजारी निवडायला घेतलेल्या तुरीच्या डाळीचं ताट तसंच पडलेलं, आणि कोंबडी त्यात टोचा मारत होती. रूथबाईंनी कोंबडीला हाकललं, ताट उचलून फळीवर ठेवलं. मग आवाज न करता परत फिरल्या.

"काय झालं?" पाळकांनी विचारलं.

"काही नाही," रूथबाई म्हणाल्या. "झोपलीय. झोपू दे." आणि खुर्ची ओढून हरिबाच्या शेजारी बसल्या.

"कुठल्या गावच्या म्हणायच्या तुम्ही?" हरिबानं विचारलं.

त्यांनी त्याला सांगितलं.